पडदा कुणाचा फाटला होता?

 

गेल्या काही भागांत आपण लढायांबद्दल बोललो, किल्ल्यांबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. आज मी माझ्या जुन्या गाडीचे मागचे स्पीकर स्वतः कसे बदलले, ते सांगणार आहे. इतिहासाच्या मालिकेत हे कशाला, असं वाटेल. पण शेवटपर्यंत ऐका. तीन हजार रुपयांच्या आतल्या या कामाने मला स्पीकरचा शंभर वर्षांचा इतिहास शिकवला आणि माझी एक चूकही पदरात घातली. ती चूक घरातली आहे, पण आपल्या देशाच्या आकाशवाणीनेही एकदा तीच केली होती.

सुरुवात सैन्यापासून करतो. मी सिग्नल्सचा माणूस. आमच्या कोअरचं ब्रीद आहे ‘तीव्र चौकस’. वायरलेसवर बोलायला शिकवतात तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवली जाते. पलीकडचं नीट ऐकू आलं नाही तर ‘रिपीट’ म्हणायचं नाही, ‘से अगेन’ म्हणायचं. कारण ‘रिपीट’ हा शब्द तोफखान्याचा. तो उच्चारला की मघाशी जिथे गोळे पडले तिथेच पुन्हा पडतील. दुसरी गोष्ट, संच सुरू केला की बोलणाऱ्याने आधी विचारायचं, माझा आवाज कसा येतोय? आवाज चांगला आहे की वाईट, हे बोलणारा ठरवत नाही, ऐकणारा ठरवतो. ऐकणाऱ्याने ‘अस्पष्ट’ म्हटलं की बोलणाऱ्याने आपला संच, आपली एरियल, आपली बॅटरी तपासायची. समोरच्याला ‘तुझे कान साफ कर’ असं म्हणणारा ऑपरेटर मी तीस वर्षांत पाहिला नाही. घरी मात्र मीच तो ऑपरेटर झालो.

माझी गाडी 1989 ची प्रीमियर पद्मिनी. आपल्या कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. मुंबईतून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात हद्दपार झाली, तेव्हा पुष्कळांनी मला फोन करून सांत्वन केलं होतं. माझी पद्मिनी अजून चालते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नव्याने करून घेतो आणि आठवड्यातून दोनदा तिला बाहेर काढतो. निवृत्तीनंतर आम्ही लखनौलाच राहिलो. शेवटची नेमणूक इथलीच होती आणि शहर हिला आवडलं. ही म्हणजे आमची सौभाग्यवती.

तीन वर्षांपूर्वी हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तोपर्यंत ही कायम पुढे, माझ्या शेजारी बसायची. ऑपरेशननंतर मागे बसायला लागली, कारण मागच्या सीटवर पाय लांब करता येतो. तेव्हापासून गाडीत एक नवी तक्रार सुरू झाली. मी गाणं लावलं की ही म्हणायची, “अहो, काही कळत नाहीये.” मी आवाज वाढवायचो. मग ही म्हणायची, “आवाज नको वाढवू. ऐकू येतंय. शब्द कळत नाहीत.” मी मनात म्हणायचो, वय झालं.

एकदा गणपतीत आम्ही चौकात निघालो होतो. लखनौच्या चौक भागात सोन्या-चांदीच्या गलाईचं काम करणारी मराठी कुटुंबं आहेत, सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडीकडची. दुष्काळाला कंटाळून त्या भागातली माणसं गलाईसाठी देशभर पांगली, त्यातली काही इथे आली. त्यांच्याकडे आरतीला जायचं, मोदक खायचे, चार तास मराठी बोलायचं, हा आमचा वार्षिक सोहळा. वाटेत बेगम अख्तर लावली होती. ही पुन्हा म्हणाली, “शब्द कळत नाहीत.” आणि मी, अत्यंत शांतपणे आणि अत्यंत मूर्खपणे म्हणालो, “आपण एकदा कान तपासून घेऊ या तुझे.”

त्यानंतर चौक येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

पुढच्या आठवड्यात कान तपासले. डॉक्टरांनी हिला कानाला लावायचा हेडफोन दिला, बारीक-जाड सूर ऐकवले आणि आलेख काढला. वयाच्या मानाने कान उत्तम. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, “कर्नल साहब, आप भी करवा लीजिए.” माझ्या उजव्या कानात खोट निघाली. गोळीबाराची मैदानं आणि हेडफोन यांचा हिशेब कुठेतरी चुकता व्हायचाच होता. घरी येताना ही मागे बसून हसत होती. मी मात्र तरीही म्हणालो, “मग गाडीच्या आवाजामुळे असेल. जुनी गाडी आहे.”

तेव्हा ही म्हणाली, “तुम्ही एकदा मागे बसून का नाही बघत?”

मंडळी, ही गाडी माझ्याकडे तीस वर्षांहून जास्त काळ आहे. त्या दिवसापर्यंत मी तिच्या मागच्या सीटवर एकदाही बसलो नव्हतो. त्या संध्याकाळी बसलो. गाडी अंगणात उभी, इंजिन चालू, तीच गझल लावलेली. कागदाच्या पुडीत माशी अडकावी तसा आवाज येत होता. सारंगी होती, पण तिला पोट नव्हतं. शब्दांच्या कडा खरखरत होत्या. मी चालकाच्या जागेवरून जे ऐकत होतो ते सगळं डॅशबोर्डाखालच्या पुढच्या स्पीकरचं होतं. मागच्या स्पीकरकडून काय येतंय, हे मला कधी कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिक्की उघडून, पाठीवर आडवा होऊन, बॅटरीच्या उजेडात वर पाहिलं. पद्मिनीत मागच्या काचेखाली जी फळी असते, तिच्यावर मी 1994 मध्ये महूला असताना स्वतःच्या हाताने दोन लंबगोल स्पीकर बसवले होते. वरची जाळी काढली. हात लावला तर बोटांना काळा चिकट भुगा लागला. स्पीकरचा कागदी शंकू आणि लोखंडी चौकट यांच्यामध्ये फोमचा जो गोट असतो, तो पूर्ण विरघळून गेला होता. शंकू अधांतरी लोंबत होता.

आता इथे थोडं थांबून स्पीकर म्हणजे काय ते पाहू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एक पक्कं चुंबक. त्याच्या खाचेत बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. ते वेटोळं कागदाच्या शंकूला चिकटवलेलं. तारेतून वीज आली की वेटोळं पुढे-मागे हलतं, त्याबरोबर शंकू हलतो, शंकू हवा ढकलतो आणि आपल्याला गाणं ऐकू येतं. शंकू मधोमध राहावा म्हणून मागे एक चुणीदार कापडी चकती असते आणि पुढे कडेला तो गोट. बस, एवढंच. चुंबकात वेटोळं हलवण्याची ही कल्पना जर्मनीत सीमेन्सने 1870 च्या दशकातच नोंदवली होती. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी 1898 मध्ये तिच्यात भर घातली. पण तेव्हा आवाज मोठा करणारी विजेची साधनं नव्हती, त्यामुळे कल्पना कागदावर राहिली. मग रेडिओच्या व्हॉल्व्ह आल्या. 1925 मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनी आपला प्रबंध मांडला आणि वर्षभरात तसा स्पीकर बाजारात आला. ग्रामोफोनचा पितळी कर्णा गेला आणि कागदाचा शंकू आला. त्यानंतर शंभर वर्षं झाली, तुमच्या गाडीतला, दूरदर्शन संचातला, मंडपातला स्पीकर मुळात अजून तोच आहे.

गंमत म्हणजे हे यंत्र उलटंही चालतं. शंकूसमोर बोललात तर वेटोळं हलतं आणि तारेत वीज तयार होते. म्हणून साध्या इंटरकॉममध्ये एकच स्पीकर बोलायलाही चालतो आणि ऐकायलाही. ज्याने बोलायचं त्यालाच ऐकताही येतं, फक्त त्याची तशी तयारी हवी.

गाडीत हा स्पीकर कसा शिरला? अमेरिकेत 1930 मध्ये पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने ‘मोटोरोला’ नावाचा गाडीचा रेडिओ काढला. स्पीकर एक, तोही पुढे. कारण गाडी चालवणारा पुढे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडच्या मोठ्या गाड्यांत मागच्या फळीवर जादा स्पीकर घ्यायची सोय झाली. 1963 मध्ये फिलिप्सने छोटी कॅसेट आणली, फोर्डने 1966 च्या गाड्यांसाठी आठ पट्ट्यांच्या टेपचा संच द्यायला सुरुवात केली, स्टिरिओ आला आणि डावा-उजवा असे दोन आवाज झाले. मग दोन पुढे, दोन मागे अशी चारची जोडणी रूढ झाली.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी. रेडिओ बाळगायला टपाल खात्याचा परवाना लागायचा, त्याची पुस्तिका असायची, वर्षाचे पैसे भरून तिच्यात तिकिटं चिकटवायची. ऐंशीच्या दशकात तो परवाना गेला. नवी फियाट किंवा अँबेसिडर घेतली तर कंपनीकडून आवाजाची अपेक्षा कुणी करत नसे. संच आणि स्पीकर बाजारातून घ्यायचे आणि मिस्त्रीकडून किंवा स्वतः बसवायचे. मागच्या फळीवर 6 बाय 9 इंचाचे लंबगोल स्पीकर हा त्या काळातला थाट. लंबगोल का, तर फळी अरुंद असते. साडेसहा इंची गोल स्पीकरपेक्षा 6 बाय 9 चं क्षेत्रफळ सव्वापटीहून थोडं जास्त भरतं, आणि जितका शंकू मोठा तितका जाड आवाज सहज येतो.

पण ती फळी म्हणजे गाडीतली सगळ्यात उन्हाची जागा. वर तिरकी काच, खाली पत्रा. लखनौचा मे महिना 45 अंशांपर्यंत जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. त्यावर श्रावणातला दमटपणा. त्या काळात गोटासाठी जो पॉलियुरेथेनचा फोम वापरत, तो हवेतल्या ओलाव्याने आणि उन्हाने हळूहळू आतून तुटत जातो. पुढचे स्पीकर डॅशबोर्डाखाली सावलीत होते, ते वाचले. मागचे गेले. चालकाला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही, कारण त्याच्या कानाशी असलेले धडधाकट होते.

मल्टिमीटर लावला. 4 ओहमच्या स्पीकरचं वेटोळं मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवतं. दोन्हींनी दाखवलं. म्हणजे तार शाबूत, चुंबक शाबूत. मी ते काढून नाका हिंडोल्याला घेऊन गेलो. लखनौचा इलेक्ट्रॉनिक्सचा जुना बाजार तो. एका छोट्या दुकानातल्या वयस्कर कारागिराने शंकूवर अंगठा ठेवून हलकेच दाबलं, कानाशी नेलं आणि म्हणाला, “साहब, गोट तो नया लग जाएगा, मगर काग़ज़ भी गल गया है। परदा गया।” मी मराठी माणूस. आपल्याकडेही कानाचा तो पडदा आणि स्पीकरचाही पडदाच. मी हिच्या कानाचा पडदा तपासत बसलो होतो, फाटला होता माझ्या स्पीकरचा.

त्याने नवे घ्यायला सांगितलं. गाड्यांच्या सामानासाठी इथे लालबाग. तिकडे जाताना मी कैसरबागेवरून गेलो. तिथे परीखान्यात भातखंडे संस्कृती विद्यापीठ आहे. आपल्या मालिकेच्या श्रोत्यांना हे ठाऊक असेल, पण पुन्हा सांगतो. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेले वकील विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून 1926 मध्ये हे मॅरिस कॉलेज म्हणून सुरू झालं, आणि त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी पुढे तीन दशकांच्या आसपास ते सांभाळलं. कृ. गो. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी हे सगळे त्यांच्या हाताखाली तयार झाले. लखनौत मराठी माणसाची मान ताठ व्हावी अशी ही जागा. मी तिथे गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं उभा राहिलो, कारण माझी चूक मला अचानक मोठ्या आकारात दिसली.

1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, पण निवडून आलेले उत्तर प्रदेशातल्या सुलतानपूर भागातून. शास्त्रीय संगीताचे खरे चाहते. त्यांनी केलेलं काम मोठं आहे. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 मध्ये त्यांच्याच काळात सुरू झाला, ज्यामुळे खेड्यातल्या माणसालाही देशातले मोठे गवई ऐकायला मिळाले. कलाकारांची दर्जानुसार निवड व्हावी म्हणून त्यांनी चाचणीची पद्धत आणली आणि त्यासाठीच्या समितीची धुरा रातंजनकरांकडे दिली. नावाजलेल्या कलावंतांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, वाद झाला. पण तो आजचा विषय नाही.

आजचा विषय श्रोता. केसकरांना वाटत होतं की हिंदी चित्रपटगीतांनी श्रोत्यांचा कान बिघडवला आहे. आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांची वेळ कापली गेली. गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, म्हणून ते सांगणं बंद झालं. निर्मात्यांनी चिडून गाण्यांचे परवाने काढून घेतले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसं झालं. दिल्लीला वाटलं, आता कान सुधारतील.

श्रोत्यांनी काय केलं? त्यांनी रेडिओची कळ फिरवली आणि कोलंबो लावलं. रेडिओ सिलोनकडे लघुलहरींचा जो शक्तिशाली प्रक्षेपक होता, तो मुळात सैन्याचा. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांच्या करमणुकीसाठी तो उभा केला आणि युद्धानंतर तो सिलोनच्या हाती आला. 1952 च्या अखेरीस त्याच्यावर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. मुंबईत तयार झालेली गाणी समुद्र ओलांडून कोलंबोला जात आणि तिथून पुन्हा भारतभरच्या घरांत येत. पाच वर्षं हे चाललं. मग 1957 च्या ऑक्टोबरात आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली आणि चित्रपटगीतं आपल्या हवेत परत आली. तेव्हाही मंत्री केसकरच होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्यांचं शास्त्रीय संगीतावरचं प्रेम तसूभर कमी झालं नाही, पण ऐकणारा काय म्हणतोय, हे अखेर त्यांच्या खात्याने ऐकलं.

पाच वर्षांपूर्वी ही कथा मी ‘सरकारची हटवादी चूक’ म्हणून सांगितली असती. आता नाही सांगत. केसकर वाईट नव्हते. त्यांच्या जागेवरून त्यांना उत्तम ऐकू येत होतं, आणि मागे बसलेला माणूस तक्रार करतोय म्हणजे दोष त्याच्या कानात, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं. माझी हुज्जत तर तीन वर्षं चालली, आणि माझ्याकडे मंत्रिपदाची सबबही नव्हती.

असो. लालबागेत गेलो आणि स्पीकर घेतले. ज्यांना हे काम स्वतः करायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी नीट सांगतो.

पहिली, मापं. नव्या स्पीकरच्या भोकांची मापं जुन्याशी जुळतात का, आणि चुंबकाची खोली डिक्कीच्या झाकणाच्या बिजागरीला अडत नाही ना, हे दुकानात जाण्याआधी पट्टीने मोजून कागदावर लिहा. गोट रबराचा किंवा कापडी घ्या, फोमचा नको.

दुसरी, खोक्यावरच्या वॅटना भुलू नका. संचावर ‘50 वॅट गुणिले 4’ लिहिलेलं असतं. चालू गाडीची वीज 14.4 व्होल्टच्या आसपास. तेवढ्यात 4 ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाज मिळतो तो फार तर 26 वॅट. ते 50 म्हणजे आवाज पार फाटून गेल्यावरचा आकडा. सैन्यात आम्ही शत्रूच्या संख्येचा अंदाज घेताना अफवेला निम्म्याने भागायचो, इथेही तोच नियम चालतो.

तिसरी, बॅटरीची ऋण तार काढल्याशिवाय काम सुरू करू नका. आणि जुन्या गाड्यांत एक धोका असतो. पूर्वी मिस्त्री स्पीकरला एकच तार ओढायचे आणि दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला जोडायचे. आजचे बहुतेक संच ते सहन करत नाहीत, जळतात. प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारा स्वतंत्रपणे संचापर्यंत गेल्या पाहिजेत. माझ्या गाडीत तशा होत्या, 1994 च्या त्या तरुण अधिकाऱ्याला तेवढं श्रेय देतो.

चौथी गोष्ट सांगताना मात्र ते श्रेय काढून घ्यावं लागेल. दीड व्होल्टचा साधा सेल घ्या आणि स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवा. शंकू बाहेर आला तर सेलचं धन टोक जिथे टेकलं ती धन बाजू. संचाकडून येणारी धन तार तिथेच जोडायची. दोन्ही स्पीकर एकदम बाहेर आणि एकदम आत गेले पाहिजेत. एक बाहेर जाताना दुसरा आत गेला तर ते एकमेकांचा जाड आवाज खाऊन टाकतात. मी तारा माग काढत संचापर्यंत गेलो. डावा स्पीकर बरोबर होता. उजवा उलटा. महूला, 1994 मध्ये, माझ्याच हाताने. म्हणजे गोट शाबूत होता तेव्हाही त्या मागच्या सीटवर आवाज कधी पूर्ण पोचलाच नव्हता. मुलं लहानपणी मागे बसून म्हणायची, “बाबा, मागे ढोलकी ऐकू येत नाही.” मी म्हणायचो, “दंगा बंद करा म्हणजे येईल.”

बाकी काम सोपं. गंजलेले स्क्रू तेल टाकून रात्रभर भिजवले. तारांची टोकं डाख लावून पक्की केली आणि वरून नळी चढवली, नुसती पिळून चिकटपट्टी लावली तर उन्हात ती सुटते. स्पीकर आणि फळी यांच्यामध्ये पातळ फोमची पट्टी लावली. शंकूच्या मागून निघणारा आवाज फटीतून पुढे आला की तो पुढच्या आवाजाला मारतो. फट बंद केली की डिक्कीच पेटीसारखी काम करते. सगळं मिळून अडीच तास लागले. पाठ दुखली ती दोन दिवस.

रविवारी सकाळी हिला म्हणालो, चल. ही नेहमीप्रमाणे मागे बसली, पाय लांब केला. मी बेगम अख्तर लावली. या बाईंचं आणि लखनौ रेडिओचं नातं तुम्हाला माहीत असेल. आकाशवाणीचं लखनौ केंद्र 2 एप्रिल 1938 ला सुरू झालं. 1945 मध्ये लखनौच्या बॅरिस्टर अब्बासींशी लग्न झालं आणि बाईंचं गाणं थांबलं. काही वर्षं त्या गायल्या नाहीत, आजारी पडल्या. 1949 मध्ये त्या पुन्हा गायल्या ते याच लखनौ केंद्राच्या ध्वनिक्षेपकासमोर. गळा तोच होता, मधली वर्षं तो आपल्यापर्यंत पोचत नव्हता, इतकंच.

मी संच सुरू केला आणि इंजिन बंद केलं. मग सिग्नल्सच्या शाळेत शिकवलेला प्रश्न, जो घरी कधी विचारला नव्हता, तो विचारला.

“माझा आवाज कसा येतोय?”

हिने लगेच उत्तर दिलं नाही. सारंगीची एक पूर्ण फेरी होऊ दिली. मग म्हणाली, “आता येतोय. पण थांबा, उजवीकडचा थोडा कमी करा.”

मी कमी केला. वाद घातला नाही. तिथून मला तो कसा येतोय हे कळायचा दुसरा मार्गच नव्हता.

मंडळी, तुमच्या घरात कुणी मागच्या सीटवरून तक्रार करत असेल, तर एकदा इंजिन बंद करून मागे जाऊन बसा. त्याला पैसे लागत नाहीत. पुढच्या भागात भेटू या. तोवर जय हिंद, जय महाराष्ट्र.